कळा, श्वास आणि नवरा: प्रसूतीच्या तयारीचे वर्ग आले कुठून?

पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच खासगी प्रसूतिगृहांत आता सातव्या महिन्यापासून जोडप्यांचे वर्ग भरतात. खाली मॅट, कोपऱ्यात मोठे रबरी चेंडू. एक सराव बऱ्याच ठिकाणी असतो: दोघांनी बर्फाचा एकेक खडा मुठीत धरून मिनिटभर थांबायचं. पहिल्या वेळी नुसतं सोसायचं. दुसऱ्या वेळी हात सैल सोडून, लांब श्वास सोडत धरायचं. मिनिटच का, तर ऐन भरातली कळही साधारण तेवढीच टिकते. मग नवऱ्याला शिकवतात की कळ आली की तळहाताच्या टाचेनं बायकोच्या माकडहाडाच्या थोडं वरच्या भागावर दाब द्यायचा, आणि ती "नको" म्हणाली की मुकाट्यानं हात काढायचा.

या वर्गांच्या जाहिरातीत "आपल्या आजी-पणजीच्या काळचं नैसर्गिक बाळंतपण" असं काहीतरी हमखास असतं. इतिहास पाहिला तर यातलं फारच थोडं आजीकडून आलेलं आहे. ही विद्या लंडन, खारकीव्ह, लेनिनग्राड, पॅरिस आणि न्यूयॉर्क असा प्रवास करून, मध्ये थोडं राजकारण आणि एका पोपचा आशीर्वाद घेऊन इथे पोचली.

आजीच्या बाळंतपणात नवरा नव्हताच. पहिलटकरीण ओटीभरण झालं की माहेरी जायची. तिच्याजवळ आई, मावशी, शेजारची चार मुलं झालेली काकू आणि सुईण. जावयाला निरोप जायचा तो "सुटका झाली" एवढाच, तोही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. या व्यवस्थेत एक मोठी गोष्ट होती: बाई क्षणभरही एकटी नसायची. पण तिचे गोडवे गाताना अडलेल्या बाईचं काय व्हायचं, विळ्यानं नाळ कापल्यावर किती पोरं धनुर्वातानं जायची, हेही आठवायला हवं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला; त्यातूनच त्या डॉक्टर व्हायच्या जिद्दीला पेटल्या. 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परंपरेचा अभ्यास करणारी आणि तिची किंमत मोजलेली, या दोन्ही बायका एकच होत्या.

तिकडे युरोपात वेदनेचा प्रश्न वेगळ्या टोकानं सुटत होता. 1847 मध्ये एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसननी बाळंतपणात आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. वेदना हा बाईला मिळालेला ईश्वरी दंड आहे, तो टाळणारे तुम्ही कोण, असा आक्षेप आला. 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीनं राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी डॉक्टर जॉन स्नोच्या हातून क्लोरोफॉर्म घेतलं आणि वादातली हवा बरीचशी गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये मॉर्फिन आणि स्कोपोलामिन या औषधांची 'ट्वायलाइट स्लीप' (अर्धवट झोप) आली. ती वेदना फारशी घालवत नव्हती, वेदनेची आठवण पुसत होती. बाई किंचाळायची, पलंगावर आपटायची आणि सकाळी तिला काही आठवायचं नाही. अमेरिकेत 1914-15 च्या सुमारास बायकांनीच ही पद्धत मिळावी म्हणून चळवळ केली, हे आज वाचताना विचित्र वाटतं. पण त्यांना हवं होतं ते साधंच: कळांतून सुटका. पुढे अमेरिकी रुग्णालयांत स्कोपोलामिन नेहमीचं झालं. आपटून लागू नये म्हणून हातापायांना पट्टे बांधायचे. 1958 मध्ये तिथल्या एका मोठ्या महिला मासिकानं प्रसूतिकक्षांतल्या क्रूर वागणुकीबद्दल वाचकांची पत्रं छापली, तेव्हा हे चारचौघांत आलं.

याच्या विरुद्ध पहिला मोठा आवाज ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरचा. लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत त्यांनी एका बाळंतिणीला क्लोरोफॉर्म देऊ केलं, तिनं ते नाकारलं. नंतर कारण विचारल्यावर, दुखलंच नाही आणि दुखायला नकोच होतं ना, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. ही गोष्ट स्वतः डिक-रीडच सांगत, तेव्हा तिला थोडं मीठमसाला लागलेलं असणं शक्य आहे. 1933 च्या पुस्तकात त्यांनी त्यावर सिद्धांत उभा केला: भीतीनं शरीर आखडतं, आखडल्यानं जास्त दुखतं, दुखलं की भीती आणखी वाढते. म्हणून काय होणार ते बाईला आधी समजावून सांगा, अंग सैल सोडायला शिकवा. सल्ला शहाणपणाचा होता. मात्र त्यामागे मातृत्व हेच बाईचं खरं काम, आणि सुशिक्षित वर्गातल्या बायकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, असा आग्रहही होता. आजच्या वर्गांत त्यांची भीतीची साखळी शिकवतात, हा भाग गाळतात. गाळतात तेच बरं.

कथेला खरं वळण मिळालं ते सोव्हिएत युनियनमध्ये. खारकीव्हमध्ये डॉक्टर वेल्व्होव्स्की आणि त्यांचे सहकारी आधी संमोहनावर काम करत होते. पण प्रत्येक बाईला संमोहित करणारा डॉक्टर आणायचा कुठून? महायुद्धानंतर भुलीच्या औषधांचीही टंचाई होती. मग त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा आधार घेतला. घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते, ती सवयीनं. तसंच कळ म्हणजे यातना हेही बाईला लहानपणापासून ऐकून जडलेलं आहे, आणि जडलेलं मोडता येतं. गर्भाशय कसं आकुंचन पावतं यावर व्याख्यानं, खोल श्वास, कळ येताच ओटीपोटावर बोटांची टोकं हळूहळू फिरवणं, कमरेच्या हाडांच्या कडेवर अंगठ्यानं दाबणं, असा अभ्यासक्रम ठरला. 1951 मध्ये सरकारनं तो देशभर लागू करायचं ठरवलं.

त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टरांच्या शिष्टमंडळाबरोबर फर्नांड लामाझ लेनिनग्राडला गेले. एक बाई आरडाओरडा न करता, स्वतः कळांशी जुळवून घेत बाळंत होताना त्यांनी पाहिली आणि साठीला आलेला हा माणूस पॅरिसला परतला तो झपाटूनच. 1952 पासून त्यांनी ही पद्धत ज्या दवाखान्यात सुरू केली तो धातुकामगारांच्या संघटनेचा होता, म्हणजे कम्युनिस्टांच्या वळचणीचा. त्यांनी रशियन पद्धतीत भर घातली ती धापा टाकणाऱ्या कुत्र्यासारख्या उथळ, जलद श्वासाची. सिनेमात "हूं-हूं-हूं" करणारी बाई दाखवतात, तिचं मूळ हे. शिवाय प्रत्येक बाईजवळ प्रशिक्षित मदतनीस असायची, आणि नवऱ्यालाही आत घ्यायचे.

शीतयुद्धाच्या त्या दिवसांत रशियातून आलेलं बाळंतपण कॅथलिक फ्रान्सला पचणं सोपं नव्हतं. डॉक्टरांच्या संघटनेनंही नाकं मुरडली. कोंडी फोडली चक्क पोपनी. जानेवारी 1956 मध्ये पायस बारावे यांनी प्रसूतितज्ज्ञांपुढे भाषण करून सांगितलं की या पद्धतीत नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही. ती भौतिकवादी देशातून आली म्हणून तिच्यातलं शास्त्र खोटं ठरत नाही, आणि बाई वेदनेत मुलं प्रसवेल या बायबलमधल्या वचनाचा अर्थ वेदना कमी करायला मनाई असा होत नाही. पाव्हलॉव्हच्या घंटेला व्हॅटिकननं दिलेली ही मान्यता मला या साऱ्या इतिहासातली सर्वात गमतीदार गोष्ट वाटते. पुढच्याच वर्षी लामाझ वारले.

अमेरिकेत त्यांचं नाव नेलं मार्जोरी कार्मेल या त्यांच्याकडे बाळंत झालेल्या अमेरिकन बाईनं. 1959 मध्ये तिनं त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. 1960 मध्ये तिनं आणि एलिझाबेथ बिंग यांनी प्रशिक्षकांची संस्था काढली. बिंग बर्लिनमध्ये जन्मलेल्या, नाझी राजवटीत देश सोडावा लागलेल्या फिजिओथेरपिस्ट होत्या. पाव्हलॉव्ह आणि कामगार संघटना अटलांटिकमध्ये बुडाल्या. किनाऱ्याला लागलं ते मध्यमवर्गीय जोडपं. डेन्व्हरचे रॉबर्ट ब्रॅडली तर नवऱ्यालाच 'कोच' करून मोकळे झाले. त्यांचं पुस्तक 1965 चं. तोवर बहुतेक अमेरिकी रुग्णालयांत नवरा बाहेरच्या खोलीत सिगारेटी फुंकत बसायचा. सत्तरच्या दशकात तो आत आला, तो या वर्गांच्या रेट्यानं.

या सगळ्याचा उपयोग किती? 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी वेदनेचा 'गेट कंट्रोल' सिद्धांत मांडला: स्पर्श-दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. त्यातून कमरेवरचा दाब, शेक, चोळणं यांनी कळ थोडी बोथट का होते याचं उत्तर मिळतं. पण याच मेल्झॅकनी पुढे वर्ग केलेल्या बायकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की वेदना थोडी कमी होते, जात नाही. "मनाची तयारी असेल तर दुखत नाही" हे वाक्य म्हणूनच मला घातक वाटतं. कुणाला एपिड्युरल (पाठीच्या कण्यातून दिलं जाणारं वेदनाशामक) घ्यावंसं वाटलं, कुणाचं सिझर झालं, तर ती नापास झाल्यासारखी खंतावते. लामाझच्या नावानं चालणारी संस्थाही आता मोजून-मापून श्वास घेण्याचा हट्ट धरत नाही. चाला, हवं तसं बसा, उताणं पडून राहू नका, कुणीतरी सोबत ठेवा, यावर तिचा भर असतो.

आणि सोबत हीच भक्कम निघाली. ग्वाटेमालातल्या एका रुग्णालयात पहिलटकरणींजवळ नुसती एक अनोळखी बाई बसवून ठेवली, हात धरायला, बोलायला. 1980 मध्ये छापलेल्या त्या छोट्या अभ्यासात दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोबत असलेल्यांना सरासरी 9 तासांहून कमी लागले, एकट्या बायकांना 19 तासांहून जास्त. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 देशांतल्या 26 चाचण्या आणि 15 हजारांहून अधिक बायका होत्या. सतत सोबत असेल तर कळांचा काळ आटोपशीर राहतो आणि सिझरचं प्रमाण घटतं, असं त्यातून दिसलं. म्हणजे माहेरच्या त्या खोलीतली विळ्यानं नाळ कापणारी सुईण गेली ते बरंच झालं, पण तिच्याबरोबर उशाशी बसलेली मावशीही आपण दाराबाहेर काढली.

भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जवळपास 89 टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. सिझरचं प्रमाण सरकारीत 14 टक्क्यांच्या आसपास, खासगीत 47. जोडप्यांचे वर्ग भरतात ते मुख्यतः खासगीत. सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं 2016 मध्ये परवानगी दिली: नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, अंगावर स्वच्छ कपडे, आणि डॉक्टर-सिस्टरच्या कामात ढवळाढवळ नाही. नवऱ्याला आत घ्यायचं ते जिथे आडोसा नीट आहे तिथेच. एकाच दालनात चार-पाच टेबलं लागलेली असतील तर दुसरीच्या नवऱ्यासमोर पहिलीनं बाळंत व्हायचं कसं, हा प्रश्न रास्तच आहे. 2017 च्या 'लक्ष्य' योजनेत प्रसूतिकक्ष सुधारताना पडदे आणि स्वतंत्र खोल्यांवर भर आहे तो त्यामुळेच. खासगीतही पैसे मोजून वर्ग केला म्हणून ऐनवेळी नवऱ्याला आत घेतीलच असं नाही. पैसे भरण्याआधी लेबर रूममध्ये कोण, किती वेळ थांबू शकतं आणि रात्रपाळीची सिस्टरही तेच सांगते का, हे विचारून घ्यावं.