चमचाभर साखर, दोन बार दाब

घरी केलेली बिअर बादलीत दोन-तीन आठवडे आंबली की तिच्यात अल्कोहोल आलेलं असतं, चवही आलेली असते, पण फेस मात्र नसतो. ग्लासात ओतली तर निपचित पडून राहते. बुडबुडे येतात ते पुढच्या टप्प्यात, म्हणजे बाटलीत, आणि त्यासाठी लागते फक्त साखर. ब्रिटनमध्ये 1963 साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट गेली, अमेरिकेत 1978 च्या कायद्याने वाट मोकळी झाली. तेव्हापासून तिथल्या स्वयंपाकघरांत हा उद्योग राजरोस चालतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर गाळणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी पुढचं सगळं केवळ विज्ञान म्हणून वाचावं. इंग्लंडातल्या लीड्समध्ये राहणाऱ्यांनी हवी तर बादली काढावी.

लीड्सचं नाव उगाच घेतलं नाही. 1767 साली जोसेफ प्रीस्टली हा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ तिथे एका दारूभट्टीच्या शेजारी राहायला गेला. आंबणाऱ्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात मुरवता येतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यातूनच सोडा वॉटर जन्माला आलं. तो वायू कार्बन डायऑक्साइड. बाटलीबंद बिअरमध्ये आपण हेच करतो. फरक एवढाच की वायू बाहेरून आणत नाही, तो आतच तयार करून घेतो. नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही दर मिलिलिटरला यीस्टच्या लाखो पेशी असतात. त्यांना थोडी साखर देऊन झाकण लावलं की वायूला पळायला जागा उरत नाही. या साखर घालण्याला प्रायमिंग म्हणतात.

किती साखर? इथे रसायनशास्त्राचा हिशोब चोख आहे. एक ग्रॅम साध्या साखरेपासून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरवाले वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू म्हणजे एक व्हॉल्यूम, वजनात सुमारे 1.96 ग्रॅम. ‘एल’ या पारंपरिक इंग्लिश बिअरला दोनच्या आत पुरतात, नेहमीच्या बिअरला साधारण 2.4, जर्मन गव्हाच्या बिअरला तीनच्या वर. 20 अंश सेल्सियसला आंबलेल्या बिअरमध्ये सुमारे 0.85 व्हॉल्यूम आधीच मुरलेला असतो. उरलेल्या 1.55 साठी लिटरमागे जवळपास सहा ग्रॅम साखर लागते. वीस लिटरला 120 ग्रॅम, बस्स. यात एक खोच आहे. तापमान धरायचं ते आंबणं थांबल्यानंतर बिअरने गाठलेलं सगळ्यात जास्त तापमान, आजचं नव्हे. उबेत उडून गेलेला वायू नंतर बादली गार केली म्हणून परत येत नाही.

एवढ्या साखरेने अल्कोहोल जेमतेम 0.4 टक्क्याने वाढतं. साध्या साखरेने बिअरला सफरचंदी आंबूस चव येते म्हणून ग्लुकोजच वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. लिटरला सहा ग्रॅमच्या मात्रेत मला तरी त्यात तथ्य दिसत नाही. यीस्ट साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे स्वतःच करून घेतं.

आता साधनांचा प्रश्न. घरात असतो तो वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तीन ग्रॅम साखर मोजून घालायला गेलात तर एका ग्रॅमची चूक म्हणजे तेहतीस टक्के. तोच काटा 120 ग्रॅमला एक ग्रॅम चुकला तर एक टक्काही नाही. म्हणून सगळी साखर एकदाच मोजायची, पेलाभर पाण्यात उकळून पाक गार करायचा, निर्जंतुक केलेल्या मोठ्या पातेल्यात तो आधी ओतायचा आणि बादलीतली बिअर नळीने त्यावर सोडायची. नळीचं टोक पातेल्याच्या तळाशी, कडेला वळवून ठेवलं की बिअर संथ गोल फिरते आणि पाक आपोआप मिसळतो. वरून धार धरायची नाही. खळखळाट झाला की ऑक्सिजन मिसळतो आणि महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. नळी तोंडाने ओढायचीही गरज नाही. ती पाण्याने भरून घ्या, पहिलं पाणी वाटीत जाऊ द्या.

वजनकाटाच नसेल तर काही जण बाटलीत साखरेचा एकेक क्यूब टाकतात. चार ग्रॅमचा क्यूब अर्ध्या लिटरला चालतो, बिअर जरा जोमदार होते इतकंच. तोच क्यूब 330 मिलिलिटरच्या बाटलीत टाकला तर आकडा चार व्हॉल्यूमपर्यंत जातो. साध्या बिअरच्या काचेने तो पेलावा अशी अपेक्षा मी करणार नाही.

पण खरा धोका आपण घातलेल्या साखरेचा नसतो, आधीच शिल्लक राहिलेल्या साखरेचा असतो. द्रवाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर (साखर संपत जाते तसा त्याचा आकडा उतरतो) 1.010 वर थांबायला हवा होता आणि तुम्ही 1.014 वरच घाई केलीत, तर तो फरक बहुतेक हायड्रोमीटरवर दोन बारीक रेघांचा असतो. त्या दोन रेघा बाटलीत सुमारे दोन व्हॉल्यूम वायू करतात, म्हणजे मोजूनमापून घातलेल्या साखरेपेक्षा जास्त. शँपेनवाल्यांनी हे फार महागात शिकून घेतलं. तळघरांत बाटल्या फुटायच्या, कामगार लोखंडी मुखवटे घालून फिरायचे. 1836 च्या सुमारास शॅलोंमधल्या ज्याँ-बाप्तिस्त फ्रांस्वा या औषधविक्रेत्याने वाइनमधली शिल्लक साखर मोजून वरची किती घालायची याची रीत बसवली, तेव्हा हे प्रमाण उतरलं. म्हणून एकच उपकरण विकत घ्यायचं असेल तर हायड्रोमीटर घ्या. दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला, आणि तो अपेक्षेइतका खाली असला, तरच बाटल्या काढा.

झाकण बसवायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या याहून जास्त दाबासाठीच बनवलेल्या असतात, आणि त्यांच्यात एक फुकटचा दाबमापक असतो: तुमचा अंगठा. भरताना बाटली दाबली की आत जाते, चार-पाच दिवसांनी ताठ होते, पुढे दगडासारखी. बाकी काचेच्या बाटल्या भरल्या तरी एक प्लास्टिकची ठेवाच. ती जरा जास्तच टणक वाटली तर सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये घालायच्या. काचेच्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात, उघड्या फळीवर नव्हे.

वीस अंशाला 2.4 व्हॉल्यूमचा दाब पावणेदोन ते दोन बार भरतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा थोडाच कमी. तीस अंशाला तो अडीचच्या वर जातो, चार अंशाला एकच्याही खाली येतो, कारण गार द्रवात वायू जास्त मुरतो. दोन आठवडे वीसच्या आसपास ठेवलेली बाटली निदान एक-दोन दिवस फ्रिजमध्ये उभी करून मगच उघडायची ती यासाठी. गळ्याजवळचा वायू बिअरमध्ये उतरतो आणि यीस्टचा गाळ तळाला बसतो. ओतताना बाटली एकदाच कलती करा, मध्ये सरळ करू नका, आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या. बव्हेरियात गव्हाच्या बिअरचा गाळ मुद्दाम ढवळून ग्लासात घेतात, पण ती आवड लागावी लागते.