मोने : अखेरची वर्षे

फ्रेंच दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणारा) चित्रकार क्लोद मोने (१८४०–१९२६) याच्या उतारवयातील चित्रांचे फिरते प्रदर्शन. २०१९ साली ते अमेरिकेत दोन ठिकाणी भरले : १६ फेब्रुवारी ते २७ मे सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात आणि १६ जून ते १५ सप्टेंबर टेक्सस राज्यातील फोर्ट वर्थच्या किंबेल कलासंग्रहालयात. आखणी किंबेलचे उपसंचालक जॉर्ज शॅकलफर्ड यांची. चित्रे सुमारे पन्नास. त्यांतली वीसहून अधिक पॅरिसच्या मार्मोत्तां मोने संग्रहालयाने उसनी दिलेली. याच दोन शहरांत २०१६–१७ मध्ये मोनेच्या तरुणपणच्या चित्रांचे प्रदर्शन झाले होते. हा त्याचा उत्तरार्ध.

प्रदर्शनाचा भर १९१३ नंतरच्या चित्रांवर होता. त्या सुमाराची दोन-तीन वर्षे मोनेला वाईट गेली. १९११ मध्ये दुसरी पत्नी आलीस वारली, १९१२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले, १९१४ च्या सुरुवातीला थोरला मुलगा झां गेला. चित्रकाम जवळजवळ थांबले होते. झांची विधवा ब्लांश ही आलीसची आधीच्या लग्नाची मुलगी, म्हणजे मोनेची सावत्र मुलगी आणि सूनही. ती स्वतः चित्रकार होती. सासऱ्याचे घर आणि चित्रकामाची उस्तवार तिने अंगावर घेतली. त्याच वर्षी, वयाच्या ७३ व्या वर्षी, मोनेने पुन्हा कुंचला धरला आणि कॅनव्हासचा आकार एकदम वाढवला. पूर्वी मीटरभराच्या आतबाहेर असणारी चित्रे आता दोन-दोन मीटरांची झाली.

विषय मात्र दारातलाच. सेन नदीच्या खोऱ्यातील झिव्हर्नी गावी मोने १८८३ मध्ये राहायला आला, १८९० मध्ये राहते घर त्याने विकत घेतले आणि १८९३ मध्ये रेल्वेरुळांपलीकडचा जमिनीचा तुकडा घेऊन तिथे तळे केले. त्यासाठी एप्त नदीच्या फाट्याचे पाणी वळवावे लागणार होते. तळ्यातल्या परक्या वनस्पतींनी पाणी खराब होईल, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. परवानगी मिळाली, तळे झाले, त्यावर जपानी धर्तीचा पूल आला. संकरित कुमुदिनी फ्रेंच रोपवाटिकाकार लातूर-मार्लियाक यांच्या रोपवाटिकेतून आल्या. पुढची तीसेक वर्षे मोनेने रंगवलेले बरेचसे या कुंपणाच्या आतले आहे.

उतारवयातल्या मोनेचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येतात ती पॅरिसच्या ऑरांझरी संग्रहालयातली तळ्याची भित्तिपटले. पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोनेने आपला स्नेही आणि फ्रान्सचा पंतप्रधान झॉर्झ क्लेमांसो याला पत्र लिहून दोन पटले राष्ट्राला देऊ केली. दोनाची पुढे २२ झाली. दोन मीटर उंचीच्या या पटलांच्या आठ रचना दोन लंबवर्तुळाकार दालनांत बसवून १७ मे १९२७ रोजी पॅरिसची ऑरांझरी खुली झाली. तोवर मोने जाऊन पाच महिने उलटले होते. ही पटले भिंतींना कायमची चिकटवलेली असल्याने कुठल्याही फिरत्या प्रदर्शनात येऊ शकत नाहीत. उतारवयातील मोनेचे प्रदर्शन मांडणाऱ्याला म्हणूनच सर्वांत प्रसिद्ध कृती वगळून सुरुवात करावी लागते. या प्रदर्शनाने ती अडचण सोयीची करून घेतली. भित्तिपटलांची पूर्वतयारी म्हणून बाजूला टाकली गेलेली बागेतली चित्रे इथे मुख्य झाली, आणि ती तशी व्हायला हवीच होती.

मांडणीत सुरुवातीला विसाव्या शतकाच्या आरंभाच्या आसपासची तळ्याची चित्रे संदर्भापुरती होती. त्यानंतर १९१४–१७ मधील मोठ्या कॅनव्हासवरचे कुमुदिनी, डे-लिली, अगापॅन्थस या फुलांचे अभ्यास. विलोच्या चित्रांचा गट वेगळा : १९१८ मध्ये युद्ध ऐन भरात असताना मोनेने झुकत्या फांद्यांचा हा वृक्ष रंगवायला घेतला. पाश्चात्त्य परंपरेत विलो शोकाचा वृक्ष मानला जातो. किंबेलकडे या मालिकेतले एक चित्र स्वतःचे आहे. पिळवटलेले खोड आणि त्यावरून ओघळणारे पिवळे-हिरवे फटकारे असे ते चित्र आहे.

सर्वांत जास्त वेळ थांबण्यासारखा भाग जपानी पुलाच्या चित्रांचा. १८९९ च्या सुमाराच्या चित्रांत पुलाची कमान स्वच्छ ओळखू येते, खाली पाणी, मागे झाडी. १९१८–२४ मधल्या चित्रांत हाच पूल तपकिरी-तांबड्या, गर्द हिरव्या आणि पिवळ्या रंगांच्या गुंत्यात बुडालेला आहे. कमान कुठून सुरू होते ते शोधावे लागते. रंगाचा थर काही ठिकाणी खडबडीत, तर कडेला कोरा कॅनव्हास तसाच उघडा. कोपऱ्यात ‘क्लोद मोने’ असे नाव दिसते, पण यातल्या अनेक चित्रांवर ती हाताची सही नसून मृत्यूनंतर मारलेला शिक्का आहे. मोनेने ती चित्रे विकायला काढलीच नव्हती. ती घरात राहिली आणि धाकटा मुलगा मिशेल १९६६ मध्ये मोटार अपघातात गेल्यावर मृत्युपत्रान्वये मार्मोत्तां संग्रहालयाला मिळाली. मोनेच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे आणि त्याच्या होकाराविना असे प्रदर्शन उभे राहणे कठीण.

या रंगांचे कारण म्हणून मोतीबिंदूकडे बोट दाखवले जाते. त्यात तथ्य आहे : पिकत गेलेल्या भिंगातून निळा रंग कमी पोहोचतो, पिवळा-तांबडा वरचढ ठरतो. रंगांच्या नळ्यांवरची नावे वाचून आणि ताटलीवर त्यांचा क्रम ठरवून मोने काम करत असे. जानेवारी १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सगळे निळसर दिसते अशी मोनेची तक्रार सुरू झाली, रंगीत भिंगांचे चष्मे झाले, आणि डावा डोळा त्याने कोणाला हात लावू दिला नाही. पण सगळा भार डोळ्यांवर टाकणे फार सोपे आहे. त्याच वर्षांत ऑरांझरीसाठी चाललेली पटले निळ्या-जांभळ्या छटांची आणि शांत आहेत. शिवाय एकच विषय पुन्हा पुन्हा घेऊन तो विरघळेपर्यंत रंगवण्याची खोड मोनेला गवताच्या गंज्यांपासून, म्हणजे १८९० पासूनची होती. पुलाची चित्रे रांगेने लावली की हे उघड होते. सुट्या चित्रावरून ते कळत नाही.

उतारवयातल्या मोनेला मान मिळाला तो उशिरा. ऑरांझरी उघडल्यावर काही काळ तिकडे फारसे कोणी फिरकत नसे. पारडे फिरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकन चित्रकार एल्सवर्थ केली १९५२ मध्ये झिव्हर्नीला जाऊन आला. त्याच वर्षी फ्रेंच चित्रकार आंद्रे मासोंने ऑरांझरीला दृक्‌प्रत्ययवादाचे सिस्टाइन चॅपेल (व्हॅटिकनमधील मायकेलअँजेलोच्या भित्तिचित्रांचे प्रार्थनागृह) म्हटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५५ मध्ये एक मोठे पटल घेतले. ते १९५८ च्या आगीत नष्ट झाले, तेव्हा संग्रहालयाने दुसरे मिळवले. अमूर्त चित्रकलेला सरावलेल्या डोळ्यांना जुना मोने एकाएकी समकालीन वाटू लागला होता. १९९८–९९ मध्ये बॉस्टन आणि लंडनमध्ये भरलेल्या विसाव्या शतकातील मोनेच्या प्रदर्शनाला लंडनमध्ये इतकी गर्दी झाली की शेवटी रॉयल अकादमीने रात्रभर दारे उघडी ठेवली.

अशा प्रदर्शनांमागचा व्यवहार प्रेक्षकाला दिसत नाही. दोन मीटरांचा कॅनव्हास गुंडाळून नेता येत नाही, कारण जाड रंगाला तडे जातात. तो ताणलेल्या चौकटीसह हवाबंद खोक्यात जातो, निघताना आणि पोहोचल्यावर त्याची स्थिती टिपली जाते आणि देणाऱ्या संस्थेचा माणूस सोबत असतो. विम्याचा आकडा कोणत्याही एका संग्रहालयाला झेपणारा नसतो. म्हणून अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने संघराज्य सरकार अशा परदेशी कलाकृतींच्या नुकसानभरपाईची हमी घेऊ शकते. फिरत्या प्रदर्शनांना साधारणपणे दोन-तीनच मुक्काम असतात ते वाहतुकीतल्या या जोखमीमुळे. जितकी खोकी उघडावी-मिटावी, तितका धोका.

एकत्र रंगवलेल्या चित्रांची फाटाफूट किती झाली याचे ठळक उदाहरण म्हणजे अगापॅन्थस त्रिपटल. सुमारे १९१५ पासून अखेरपर्यंत मोने या तीन पटलांवर फेरफार करत होता. ती मुळात राष्ट्राला द्यायच्या योजनेतली, पण ऑरांझरीच्या अंतिम मांडणीत आली नाहीत. १९५६ ते १९६० या काळात ती अमेरिकेतील सेंट लुइस, कॅन्सस सिटी आणि क्लीव्हलंड येथील संग्रहालयांनी एकेक करून घेतली. तिन्ही संग्रहालये एकमेकांना उसनवार देऊन अधूनमधून ती जोडतात. २०११ मध्ये कॅन्सस सिटी व सेंट लुइसमध्ये, २०१५ मध्ये क्लीव्हलंडला आणि २०१६ मध्ये लंडनला ती शेजारी-शेजारी लागली होती.