नायजेरिसिन अंशशोधन

जिवंत पेशीत भरलेल्या फ्लुओरेसन्ट रंजकाच्या प्रकाशावरून पेशीच्या आतला पीएच, म्हणजे सामू, ठरवण्यासाठी वापरली जाणारी अंशशोधनाची, म्हणजे माहीत असलेल्या पीएचशी मोजमाप जुळवून घेण्याची, पद्धत. थॉमस, रॅकर आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली ती एर्लिख अर्बुदपेशींवर वापरली आणि आजही बहुतेक प्रयोगशाळांत तीच चालते.

सूक्ष्मदर्शकाच्या हाती पीएच लागत नाही, लागते ते दोन तीव्रतांचे गुणोत्तर. बीसीईसीएफ हा नेहमीचा रंजक (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडतात तो, सुमारे ७.०) आळीपाळीने ४९० व ४४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उद्दीपित करून ५३५ नॅनोमीटरजवळचा प्रकाश मोजतात. ४९० ची तीव्रता पीएचबरोबर वाढते, ४४० ची जवळपास तशीच राहते. त्यामुळे रंजक किती भरला, पेशी किती जाड, हे भागाकारात निघून जाते. मात्र पेशीतल्या प्रथिनांच्या संगतीत रंजकाचा वर्णपट थोडा सरकतो. म्हणून नुसत्या द्रावणावर काढलेला गुणोत्तर-पीएच आलेख पेशींना लावू नये. तो त्याच पेशींत, त्याच यंत्रमांडणीवर काढावा.

नायजेरिसिन हा आयनवाहक पेशीपटलातून पोटॅशियम आणि हायड्रोजन आयनांची एकास एक अदलाबदल करतो. आतबाहेर पोटॅशियम समान असेल तर पीएचही समान होतो. सगळी पद्धत या एका अटीवर उभी आहे. पेशीत पोटॅशियम १२० मिलिमोलर आणि पेशीभोवतीच्या, ज्ञात पीएचच्या द्रावणात १४० असेल, तर आतला पीएच बाहेरच्यापेक्षा ०.०७ ने जास्त राहतो आणि मोजलेले सगळे आकडे तेवढेच कमी येतात. चुकून ५ मिलिमोलर पोटॅशियमचे नेहमीचे द्रावण वापरले, तर फरक जवळजवळ दीड एककाचा पडतो.

पेशींना १ ते ५ मायक्रोमोलर बीसीईसीएफ-एएम (रंजकाचे पेशीपटल ओलांडू शकणारे एस्टर रूप) १५ ते ३० मिनिटे देऊन धुतात. आतील एस्टरेज विकरे एस्टर तोडतात आणि रंजक आत अडकतो. मूळ प्रयोग आटोपल्यावरच अंशशोधन करावे, कारण नायजेरिसिननंतर पेशी प्रयोगाच्या कामाच्या राहत नाहीत. द्रावणात पोटॅशियम क्लोराइड १२० ते १४० मिलिमोलर, हेपेस (पीएच स्थिर ठेवणारे उभयप्रतिरोधक) १० ते २० मिलिमोलर, थोडे मॅग्नेशियम आणि नायजेरिसिन १० मायक्रोमोलर असते. पीएच ६.४ ते ७.८ दरम्यान चारपाच द्रावणे पुरतात. प्रत्येकात गुणोत्तर स्थिरावेपर्यंत, साधारण ५ ते १० मिनिटे, थांबावे. घाई केली की आलेख चपटा येतो. पीकेएपासून एका एककापलीकडची वाचने भरवशाची नसतात.

पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडने आणि प्रयोगाच्याच तापमानाला जुळवावा. हेपेसचा पीकेए दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०१४ ने घसरतो. २५ अंशांना जुळवलेले द्रावण ३७ अंशांना ०.१७ ने आम्लधर्मी झालेले असते. दोन्ही तरंगलांबींवरची रंजकविरहित पेशींची पार्श्वतीव्रता आधी वजा करून मगच भागाकार करावा. हे राहिले तर मंद उजळलेल्या पेशींचा पीएच उगाचच वेगळा दिसतो.

लायसोसोमसाठी, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांसाठी, बीसीईसीएफ निरुपयोगी. तिथे पीएच ५ च्या खाली असतो. फ्लुओरेसीन-डेक्स्ट्रान (रंजक जोडलेली बहुशर्करा) पेशींना गिळायला लावतात आणि नायजेरिसिनच्या जोडीला मोनेन्सिन हा सोडियमचा आयनवाहक घालतात.

सर्वांत चिवट दोष उपकरणातला आहे. नायजेरिसिन स्निग्धप्रेमी असल्याने प्लॅस्टिकच्या नळ्यांना व कक्षाला चिकटतो, पाण्याने निघत नाही आणि पुढच्या प्रयोगांत थोडा थोडा झिरपत राहतो. मग पेशींचे स्वतःचे आयनविनिमयक जोमाने चालत असल्याचा भास होतो, किंवा त्यांचे काम झाकले जाते. इथेनॉलने धुणे बरे, पण अंशशोधनाच्या नळ्या वेगळ्याच ठेवणे अधिक चांगले.