क्लस्टरमध्ये शिरलेल्या ड्वार्फ गॅलेक्सींचं काय होतं: पार्श्वभूमी

मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, काणकोण नाहीतर सांगेच्या बाजूला काळोखाची जागा मिळाली तर कन्या राशीत एम87 या भल्यामोठ्या गॅलेक्सीचा पुसट ठिपका दुर्बिणीतून दिसतो, पणजी-म्हापशाच्या लायटींत तो शोधणं कठीणच. त्या ठिपक्याभोवती, साधारण 5.4 कोटी प्रकाशवर्षांवर, कन्या क्लस्टर, म्हणजे गॅलेक्सींचा मोठा जमाव, पसरलाय आणि त्यातल्या बहुतेक गॅलेक्सी ड्वार्फ, म्हणजे बुटक्या, कमी ताऱ्यांच्या आहेत, आपल्याकडच्या दुर्बिणींत न दिसणाऱ्या. बहुतेकींत वायू नाही, नवे तारे बनत नाहीत. त्या पहिल्यापासून अशाच होत्या, की क्लस्टरने त्यांना असं केलं, हा वाद चाळीस वर्षं चाललाय.

सुरुवातीचा काळ पटकन सांगतो. क्लस्टरमधल्या मोकळ्या जागेत कोटी-कोटी अंश तापलेला वायू भरलाय हे 1970 नंतर एक्स-रे उपग्रहामुळे पक्कं झालं, आणि 1972 मध्ये दोघा संशोधकांनी हिशेब मांडला की त्यातून धावणाऱ्या गॅलेक्सीचा स्वतःचा वायू मागे ओढला जाणार. जुवारी पुलावर वारा पडलेला असला तरी दुचाकी पळवली की शर्ट मागे फडफडतो, तसंच हे रॅम प्रेशर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. क्लस्टरमधले वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात, आणि ड्वार्फचं गुरुत्वाकर्षण इतकं कमी की वायू धरून ठेवणं तिला झेपतच नाही. 1983 मध्ये मग सरळ मांडणी आली की गुळगुळीत, वायू नसलेल्या ड्वार्फ म्हणजे वायू गमावलेल्या अनियमित, म्हणजे वेड्यावाकड्या आकाराच्या ड्वार्फच.

खरा गुंता कन्या क्लस्टरच्या 1985 च्या कॅटलॉगपासून सुरू होतो. चिलीतल्या 2.5 मीटर दुर्बिणीच्या फोटो प्लेट्स, त्या माणसांनी डोळ्यांनी तपासल्या आणि दोन हजारांवर गॅलेक्सी नोंदवल्या. बहुतेक ड्वार्फचा वेग मोजलेलाच नव्हता, तेव्हा क्लस्टरमधली कुठली आणि मागची कुठली हेसुद्धा बरंचसं रूपावरून ठरवलं. हे काम अफाट होतं, आजही लोक त्यातलेच नंबर वापरतात. पण गोलसर, गुळगुळीत दिसलेल्या सगळ्या ड्वार्फ ‘डीई’ म्हणजे ड्वार्फ एलिप्टिकल या एकाच पंगतीला बसल्या, आणि मोठ्या एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल गॅलेक्सींचं हे छोटं रूप असा समज त्या नावातूनच पसरत गेला. त्याच सुमाराला मोजमापं उलट सांगत होती: एलिप्टिकल जितकी फिकी तितकी दाट, ड्वार्फ मात्र जितकी फिकी तितकी विरळ, म्हणजे नातं सर्पिल आणि अनियमित गॅलेक्सींशी जास्त. म्हणून काहींनी ‘स्फेरॉइडल’ असं वेगळं नाव लावलं. 2003 च्या आसपास दुसऱ्या गटाने दाखवलं की मधल्या तेजाच्या गॅलेक्सी नीट घेतल्या तर आलेखातल्या एलिप्टिकल आणि ड्वार्फ या दोन्ही रांगा एका वळणाने जुळतात. त्यांच्या आलेखात दम आहे, पण आकार जुळले म्हणून जन्मकथा जुळली असं होत नाही, मला तरी ते पटत नाही.

सर्पिल गॅलेक्सींशी नात्याचा पुरावा डीईंच्या आतूनच आला. 2000 मध्ये आयसी 3328 या साध्याशा डीईमध्ये सर्पिल हात सापडले, प्रतिमेतून गुळगुळीत भाग वजा केल्यावर दिसतील इतके फिके. 2006 मध्ये कन्या क्लस्टरमधल्या 476 ड्वार्फ तपासल्या तर 41 मध्ये तबकडीच्या, म्हणजे सर्पिल गॅलेक्सींत असते तशा चपट्या थराच्या खुणा होत्या, आणि अशा गॅलेक्सी केंद्राजवळ गर्दी करत नाहीत, बाहेर पसरलेल्या आहेत. म्हणजे आत येऊन फार काळ झाला नसावा. तबकडी विस्कटते कशी याचं उत्तर 1996 पासून ‘हॅरॅसमेंट’ या नावाने होतंच: मोठ्या गॅलेक्सी शेजारून सुसाट निघून जातात आणि त्यांचे धक्के साठत जातात. रॅम प्रेशर फक्त वायू नेतं, ताऱ्यांना हात लावत नाही. हा फरक बऱ्याच लेखांत गाळला जातो.

चालू प्रकार बघायचा तर आयसी 3418. या ड्वार्फमधली ताऱ्यांची निर्मिती अंदाजे 30 कोटी वर्षांपूर्वी थांबली, पण मागे सुमारे 55 हजार प्रकाशवर्षांची शेपटी आहे आणि त्या शेपटीत निळे, तरुण ताऱ्यांचे पुंजके. वायू बाहेर फेकला गेला तो तिथेच थिजून तारे झाला.

दुसऱ्या टोकाला एम60-यूसीडी1, कन्या क्लस्टरमधल्या एम60 या मोठ्या गॅलेक्सीशेजारची अतिदाट ड्वार्फ. जेमतेम 300 प्रकाशवर्षं रुंद, आणि 2014 मध्ये तिच्या पोटात 2.1 कोटी सूर्यांएवढं कृष्णविवर मिळालं, तिच्या वस्तुमानाच्या जवळपास 15 टक्के. आपल्या आकाशगंगेचं 40 लाखांचं, मग एवढ्याशा पुंजक्यात एवढं मोठं आलं कुठून? एका मोठ्या गॅलेक्सीचे बाहेरचे तारे शेजारच्या एम60 ने ओढून नेले आणि गाभा तेवढा उरला, हेच पटण्यासारखं आहे.

2015 मध्ये कोमा क्लस्टरमध्ये 47 अतिविरळ गॅलेक्सी जाहीर झाल्या, आकार आकाशगंगेएवढा आणि तारे ड्वार्फएवढे, आणि जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या 64 अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने फॉरनॅक्स क्लस्टर पाहिला, तिथे वायू सापडला तो मुख्यतः नुकत्याच आत आलेल्या ड्वार्फमध्ये, केंद्राकडच्या जुन्या रहिवाशांकडे जवळजवळ नाहीच.