फिरते उपाहारगृह

उंच इमारतीच्या अथवा मनोऱ्याच्या माथ्यावर बांधलेले, बसण्याच्या जागेची जमीन मध्यभागाभोवती संथपणे फिरती ठेवलेले उपाहारगृह. ‘फिरते वाचनालय’, ‘फिरता दवाखाना’ या मराठी प्रयोगांत गावोगाव जाणे अभिप्रेत असते. तो अर्थ येथे नाही. व्यवहारात ‘रिव्हॉल्व्हिंग रेस्टॉरंट’ हेच नाव अधिक चालते.

उगम : या कल्पनेचे मूळ पुष्कळदा रोमन सम्राट नीरो याच्यापर्यंत नेले जाते. रोममधील इ. स. 64 च्या आगीनंतर त्याने बांधलेल्या सुवर्णप्रासादातील मुख्य भोजनदालन गोल असून ते आकाशगोलाप्रमाणे अहोरात्र फिरत असे, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नीरोच्या चरित्रात म्हटले आहे. हे चरित्र नीरोच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतकाने लिहिलेले आहे आणि त्यातील सूर नीरोला अनुकूल नाही, हे लक्षात घ्यावे लागते. दालनच फिरत होते की केवळ छत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रोममधील ऑपियन टेकडीवरील अष्टकोनी दालन म्हणजेच हे भोजनदालन, असे पूर्वी काहींनी सुचविले होते. मात्र तेथे फिरत्या यंत्रणेच्या निर्विवाद खुणा नाहीत. 2009 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्रांस्वाझ व्हिलदिय यांच्या पथकाला रोममधीलच पॅलाटाइन टेकडीवर सुमारे 4 मी. व्यासाचा भक्कम स्तंभ असलेली वर्तुळाकार वास्तू सापडली. लाकडी जमीन फिरविणारी यंत्रणा तिच्यावर बसविलेली असावी, असा त्यांचा तर्क आहे. ही ओळख सर्वमान्य नसली, तरी आजवरच्या सूचनांत ती अधिक संभाव्य वाटते. अर्थात, नीरोचे दालन हे राजगृह होते. पैसे मोजून जेवण्याच्या जागेशी त्याचे नाते कल्पनेपुरतेच.

आधुनिक काळात नॉर्मन बेल गेडेस या अमेरिकन रचनाकाराने 1933 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी फिरत्या उपाहारगृहाचा मनोरा योजला होता, पण तो कागदावरच राहिला. प्रत्यक्ष चाललेल्यांत जर्मनीतील डॉर्टमुंडच्या फ्लोरियान मनोऱ्यावरील उपाहारगृह (1959) सामान्यतः पहिले मानतात. होनोलुलू येथील ‘ला राँद’ (1961) यालाही काही ठिकाणी हा मान दिलेला आढळतो. त्याचे वास्तुशिल्पी जॉन ग्रॅहॅम यांना या रचनेचे अमेरिकन एकस्व (पेटंट) 1964 मध्ये मिळाले, हे या समजुतीचे एक कारण असावे. एकस्व हा अग्रक्रमाचा पुरावा धरला तरी डॉर्टमुंडचे वर्ष आधीचेच ठरते.

रचना : जात्यात मधली खीळ जागची हलत नाही आणि वरचा दगड फिरतो, तशीच ही व्यवस्था आहे. उद्वाहक (लिफ्ट), जिने, नळ व बहुधा स्वयंपाकघरही मधल्या स्थिर गाभ्यात असते. त्याभोवतीची कड्यासारखी जमीन चाकांवर किंवा रुळांवर फिरते. भार सर्वत्र सारखा आणि गती अत्यल्प असल्याने शक्ती फार लागत नाही. सिॲटल येथील ‘स्पेस नीडल’चे (1962) कडे मुळात 1 अश्वशक्तीच्या मोटरवर फिरे, एवढी मोटर घरच्या पाण्याच्या पंपालाही असते. एका फेरीस साधारणतः अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत वेळ लागतो. टोराँटोच्या सीएन मनोऱ्यावर तो 72 मिनिटे आहे. बाहेरची भिंत बहुधा स्थिर असते. त्यामुळे खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली पिशवी जागीच राहते आणि तिचा धनी पुढे जातो.

प्रसार : दूरचित्रवाणी व दूरसंचाराच्या मनोऱ्यांना उंची लागतच होती, माथ्यावर उपाहारगृह काढले की तीच उंची प्रेक्षणीय ठरून उत्पन्नही देई. कैरो (1961), लंडन (1966) व पूर्व बर्लिन (1969) येथील मनोरे याच दशकातले. लंडनच्या मनोऱ्यावर 1971 मध्ये बाँबस्फोट झाला आणि 1980 मध्ये तेथील उपाहारगृह बंद झाले. स्वित्झर्लंडमधील शिल्टहॉर्न शिखरावरचे उपाहारगृह सुमारे 2,970 मी. उंचीवर आहे.

भारतात दिल्लीचे ‘परिक्रमा’, अहमदाबादेत साबरमतीकाठचे ‘पतंग’ आणि मुंबईत चर्चगेटजवळच्या अँबॅसडर हॉटेलच्या माथ्यावरील ‘पर्ल ऑफ द ओरिएंट’ ही परिचित उदाहरणे होत. यांपैकी मुंबईच्या उपाहारगृहातून एका फेरीत मरीन ड्राइव्हची कमान आणि उलट बाजूचे शहर, दोन्ही दिसत.