पहिला स्टिरिओ: वॉट, भिंती आणि कान

माझ्या पहिल्या स्टिरिओच्या खोक्यावर वॉटचा आकडा ठसठशीत छापला होता आणि मी त्यालाच भुललो. घरी लावल्यावर आवाज दणदणीत आला, पण गाणं पिंपातून येतंय असं वाटायचं. दोन वर्षं मी स्पीकरला नावं ठेवत होतो. मग खोली रंगवायला काढली तेव्हा ते कोपऱ्यांतून उचलून भिंतींपासून लांब, दोन स्टुलांवर ठेवले. सहज एक गाणं लावलं आणि ब्रश हातात तसाच राहिला. पिंप गेलं होतं. गायिका दोन स्टुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी होती.

खर्जाचे सूर मोठे अंगापिंडाचे असतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, सुराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब. एवढी लाट लहानशा स्पीकरमधून सरळ पुढे जात नाही, ती मागेही पसरते, भिंतीवर आपटून परतते आणि पुढच्या लाटेत मिसळते. नुसती एक भिंत जवळ असली तरी खर्ज ६ डेसिबलपर्यंत (डेसिबल म्हणजे आवाजाच्या मोठेपणाचं माप) चढू शकतो. कोपऱ्यात त्याहून जास्त. दहा हजार हर्ट्झची लाट मात्र साडेतीन सेंटिमीटरची, तिला हा फायदा मिळत नाही. म्हणजे कोपरा सगळं गाणं मोठं करत नाही, फक्त त्याचं पोट सुटतं.

खोलीचा दुसरा खोडसाळपणा असा, की समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासची अर्धी लाट त्यात अगदी फिट बसते. मग तो सूर भिंतींपाशी घुमतो आणि बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. हे तपासायला यंत्र लागत नाही. खर्जाचा एकच लांबलचक सूर लावा आणि खोलीत हळूहळू चाला. दोन पावलांत आवाज कमीजास्त होईल. असं खुर्ची सरकवून जे मिळतं, ते कित्येकदा महागडा स्पीकर घेऊनही मिळत नाही.

आता वॉट. पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) असं लिहून शेकड्यांत सांगितलेला आकडा सरळ सोडून द्या, त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. बघायचा तो सलग देता येणारा वॉट, ज्याला बाजारात आरएमएस म्हणतात. पण तोही तुम्हाला वाटतो तेवढा महत्त्वाचा नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. पन्नासाऐवजी शंभर वॉट घेतले तर फरक पडतो, पण शेजाऱ्यांना कळण्याइतका नाही.

त्याऐवजी स्पीकरची संवेदनशीलता वाचा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, हा तो आकडा. ८४ आणि ९० यांत वरवर सहाचाच फरक दिसतो, पण तेवढाच आवाज काढायला ८४ वाल्याला चौपट वॉट लागतात. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. तेव्हा ८६ डेसिबलचा स्पीकर मध्यम खोलीत बहुतेक वेळ एका वॉटच्या आतच गात असतो. बाकीचे वॉट ढोलाच्या अचानक थापेसाठी राखून ठेवायचे, आणि त्याला तीस-चाळीस पुष्कळ झाले.

मग सगळेच स्पीकर ९० डेसिबलचे का नसतात? कारण खोल खर्ज, जास्त संवेदनशीलता आणि छोटं खोकं या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात. दोन निवडा, तिसरीवर पाणी सोडा. मुठीएवढ्या डब्यातून जमीन हादरवणाऱ्या खर्जाची जाहिरात दिसली, की हा नियम आठवावा.

अॅम्प्लिफायरवर, म्हणजे स्पीकरला हे वॉट पुरवणाऱ्या यंत्रावर, फार डोकं शिणवू नये, असं माझं मत. साधा पण नीट बनवलेला अॅम्प्लिफायर मूळ ध्वनीत जेवढी ढवळाढवळ करतो, त्याच्या कितीतरी पट स्पीकर खर्जात करतो. म्हणून बजेटचा मोठा वाटा स्पीकरला. तारांचंही तेच. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पाच मीटर तार जाऊन-येऊन सुमारे ०.१२ ओहम रोध, म्हणजे विजेला अडथळा, देते. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते नगण्य. ज्याला जुळवाजुळव नको त्यानं आतच अॅम्प्लिफायर बसवलेले अॅक्टिव्ह स्पीकर घ्यावेत, त्यात काही कमीपणा नाही.

स्टिरिओ ही मुळात कानांची फसवणूक आहे. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही स्पीकर सारखंच गाऊ लागले, की मेंदू गायकाला त्यांच्या मधोमध उभा करतो. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण झाला, ट्वीटर (खोक्यातले उंच सूर वाजवणारे छोटे स्पीकर) कानाच्या उंचीला आले, की ही जादू जमते. पण ती नाजूक आहे. एका स्पीकरच्या दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटिमीटर जवळ गेलात, की त्याचा आवाज एक मिलिसेकंद आधी पोचतो आणि गायक सरळ त्या खोक्यात जाऊन बसतो. सिस्टीम निवडतानाही हीच परीक्षा घ्या: एकट्या गळ्याचं, ओळखीचं रेकॉर्डिंग लावा, डोळे मिटा आणि गायकाकडे बोट दाखवा.

डोळे मिटणं ही गंमत नव्हे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, पडद्याआडून ऐकलेल्या स्पीकरना मिळालेले गुण ते डोळ्यांपुढे येताच बदलले. शिवाय दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा बहुतेकदा चांगला वाटतो आणि विकणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

जुने स्पीकर मिळत असतील तर तोंड फिरवू नका. पण जाळी काढून वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेची पट्टी बघा. फोमची असेल तर काही वर्षांत भुगा होते, रबराची बरीच टिकते. मग बोटं पसरून त्याचा कोन, म्हणजे हलणारा शंकूसारखा पडदा, सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. आतून खरखर आली तर कॉइल, म्हणजे पडद्याला हलवणारं तारेचं वेटोळं, घासते आहे, तो स्पीकर तिथंच ठेवा.