हृदयरुग्णाची वैयक्तिक डिजिटल आरोग्यनोंद

दीर्घकाळच्या हृदयविकारात तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि घरी घेतलेली मोजमापे यांची रुग्णाच्या स्वतःच्या ताब्यात असलेली, मोबाइलवर किंवा संगणकावर ठेवलेली सलग नोंद. रुग्णालयाच्या संगणकातली माहिती रुग्णालयाच्या ताब्यात असते. ही नोंद मात्र डॉक्टर बदलला, गाव बदलले तरी रुग्णाबरोबर जाते.

महाराष्ट्रात हे काम आजवर प्लॅस्टिकच्या पिशवीने केले. तिच्यात केसपेपर, टूडी इकोचा रिपोर्ट, अँजिओग्राफीची सीडी आणि घडी घातलेल्या ईसीजीच्या पट्ट्या असतात. ईसीजी बहुधा थर्मल कागदावर निघतो. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकचा स्पर्श यांनी त्यावरची रेघ काही वर्षांत पुसट होते. आणि छातीत दुखते म्हणून रात्री रुग्णाला आणले की डॉक्टर नेमका हाच कागद मागतात, कारण आत्ता दिसणारा लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणाऱ्या विद्युत संदेशातला अडथळा) जुना आहे की नवा, हे जुन्या ईसीजीवरूनच कळते. म्हणून ईसीजी काढला त्याच दिवशी त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवणे, हा या नोंदीचा सर्वांत सोपा आणि मोलाचा भाग आहे.

घरच्या नोंदींचे महत्त्वही तेवढेच आहे. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद अपुरी पडणाऱ्या, रुग्णाने रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असल्याची ती खूण असते. धाप लागण्याआधीच डॉक्टरांना कळवता येते. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी कायम घ्यावी लागते. ‘सोमवारी एक, मंगळवारी अर्धी’ असा डोस आयएनआर तपासणीनुसार (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी तपासणी) बदलत राहतो. आयएनआरचा आकडा आणि तेव्हाचा डोस शेजारी-शेजारी लिहिलेले नसतील, तर नुसत्या आकड्यावरून पुढचा डोस ठरवणे अवघड जाते.

भारतात राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण चालवत असलेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्याआधी २०२० पासून सहा केंद्रशासित प्रदेशांत त्याचा प्रायोगिक टप्पा चालला होता. नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) क्रमांक मिळतो. तो घेणे ऐच्छिक आहे. सगळे रिपोर्ट एका सरकारी कोठारात जमा होतात, हा समज चुकीचा आहे. ते जिथे तयार झाले तिथेच राहतात, आभाशी जोडले जातात आणि रुग्णाने संमती दिल्यावरच, ठरावीक मुदतीसाठी, दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. दिलेली संमती मागेही घेता येते. जुने कागद रुग्ण स्वतः अपलोड करू शकतो.

व्यवहारात मात्र संमतीचा ओटीपी अनेकदा मुलाच्या किंवा सुनेच्या मोबाइलवर येतो. आजार आईचा असतो आणि तिची नोंद कुणाला दिसावी हे दुसराच ठरवतो. घराघरांतली ही अडचण तंत्राच्या अडचणींइतकीच गंभीर मानायला हवी. शिवाय फोटो म्हणून चढवलेल्या कागदातील आकडे संगणकाला आपोआप ओळीने मांडता येतीलच असे नाही, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम, रक्तदाब हे आकडे वेगळे टिपून ठेवावेत.

बेशुद्ध रुग्णाचा फोन कुलूपबंद असतो. पेसमेकर बसवल्यावर मिळणारे कार्ड म्हणूनच पाकिटात ठेवतात. यंत्राचे मॉडेल त्यावर असते आणि एमआरआय करता येईल का, याचा शोध तिथूनच सुरू होतो.